आईबाबा वेगळे होतात तेव्हा लहान मुलाच्या शिकण्याचं काय होतं?

आईवडिलांचा घटस्फोट झाला की मुलाचा अभ्यास बिघडतो, असं सर्रास बोललं जातं. पण अभ्यासातलं नेमकं काय बिघडतं, केव्हा बिघडतं आणि ते पुन्हा जागेवर येतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. या प्रश्नांवर गेल्या पन्नास वर्षांत भरपूर संशोधन झालं आहे. ज्या पालकांना आणि शिक्षकांना त्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात गणितापासून करते, कारण सगळ्यात स्पष्ट खूण तिथे दिसते.

अमेरिकेत १९९८ साली शाळेचं पहिलं वर्ष सुरू करणाऱ्या हजारो मुलांच्या प्रगतीची नोंद एका मोठ्या सरकारी पाहणीत आठवीपर्यंत ठेवली गेली. ह्युन सिक किम या समाजशास्त्रज्ञाने त्यातून अशी मुलं वेगळी काढली, ज्यांचे आईवडील मूल पहिलीत ते तिसरीत असताना विभक्त झाले, आणि त्यांची तुलना न मोडलेल्या घरांतल्या मुलांशी केली. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचनात या मुलांचं फारसं नुकसान दिसलं नाही. गणितात मात्र ती घटस्फोटाच्या काळात मागे पडली. पुढे घर स्थिरावल्यावर ही दरी वाढली नाही, पण भरूनही निघाली नाही. इतर मुलांशी जुळवून घेणं, मैत्री टिकवणं यातही ती मागे पडली आणि चिंता, एकटेपणा, उदासी वाढली.

वाचन आणि गणितात हा फरक का पडावा? बहुधा याचं उत्तर दोन्ही विषयांच्या घडणीत आहे. एकदा अक्षरं जुळवायला आली की मूल रोज कुठे ना कुठे वाचत असतं: पाट्या, गोष्टी, मोबाइलचा पडदा. महिनाभर वर्गात लक्ष नसलं तरी वाचनाचा सराव पूर्ण थांबत नाही. गणितात एका पायरीवर पुढची पायरी उभी असते. एकक-दशक नीट कळलं नसेल तर हातच्याची बेरीज कळत नाही, ती कळली नाही तर मोठी वजाबाकी अडते, आणि पाढे कच्चे राहिले की भागाकार हा निव्वळ अंदाजाचा खेळ होतो. ज्या आठवड्यांत घरात सामानाची वाटणी चालली होती, नेमक्या त्याच आठवड्यांत वर्गात हातचा शिकवला गेला असेल, तर तो धडा त्या मुलासाठी परत येत नाही. वर्ग पुढे गेलेला असतो. दोन वर्षांनी मूल भागाकारात चुकतं तेव्हा "याला गणितात गती नाही" असा शेरा मिळतो आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही.

मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मुलाची बुद्धी कमी होत नाही. ठरावीक काळातले ठरावीक धडे सुटतात. सुटलेले धडे शोधता येतात आणि पुन्हा शिकवता येतात, पण ते आपोआप भरून येत नाहीत.

मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं

हिशेब करताना किंवा लांब वाक्य समजून घेताना मेंदू काही गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवतो. मानसशास्त्रात याला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती एखाद्या लहानशा पाटीसारखी असते: जागा मोजकी, आणि नवीन काही लिहायचं तर जुनं पुसावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलाची ही पाटी मोठ्या माणसापेक्षा बरीच लहान असते. त्यात "आज मला घ्यायला कोण येणार?", "काल बाबा रडत होते का?", "मी हट्ट केला म्हणून ते भांडले का?" हे सगळं आधीच लिहिलेलं असेल, तर सत्तावीस अधिक अठ्ठावीससाठी जागा उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मूल खिडकीबाहेर बघतंय. खरं तर ते फार मोठं गणित सोडवत असतं, फक्त ते पुस्तकातलं नसतं.

ताण दीर्घकाळ टिकला की शरीरही साथ देईनासं होतं. कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक ताणाच्या वेळी वाढतं. थोड्या वेळापुरतं ते उपयोगी असतं, पण ताण महिनोन्महिने रेंगाळला तर लक्ष आवरणं आणि शिकलेलं साठवणं या दोन्ही कामांत अडथळे येतात, कारण ही कामं करणारे मेंदूचे भाग ताणाला विशेष संवेदनशील असतात. शिवाय झोप बिघडते. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, त्यामुळे अपुऱ्या झोपेचा फटका कालच्या धड्यालाही बसतो आणि आजच्यालाही.

वयानुसार हे वेगवेगळं दिसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला घटस्फोट म्हणजे काय हे कळत नाही, पण रोजचा चेहरा दिसेनासा झाला आणि सांभाळणारा माणूस कोमेजला, हे त्याला लगेच कळतं. या वयात भाषा रोजच्या बोलण्यातून वाढते. सांभाळणारी व्यक्ती स्वतःतच हरवली की मुलाशी होणारं बोलणं कमी होतं.

तीन ते सहा हे वय मला सर्वांत नाजूक वाटतं. या वयातलं मूल जगाच्या केंद्रस्थानी स्वतःला ठेवून विचार करतं, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेने दाखवून दिलं होतं. आपण मनात आणलं म्हणून तसं घडलं, असं त्याला खरोखर वाटू शकतं. त्यामुळे "मी खेळणी आवरली नाहीत म्हणून बाबा गेले" हे त्याच्यासाठी तर्कशुद्ध असतं. ज्युडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियात साठ घटस्फोटित कुटुंबांतल्या मुलांशी दीर्घ संवाद साधला. त्यांना या वयोगटात स्वतःला दोष देणं आणि मागे जाणं ठळक दिसलं: सुटलेलं अंगठा चोखणं पुन्हा सुरू होणं, अंथरूण ओलं होणं, आईला क्षणभरही न सोडणं. त्या अभ्यासात तुलनेसाठी इतर घरांतली मुलं नव्हती, ही त्याची मोठी उणीव. त्यामुळे "किती मुलांना त्रास होतो" यासाठी तो वापरू नये. पण मुलं आतून काय अनुभवतात याचं त्यातलं वर्णन आजही ओळखीचं वाटतं.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांत दुःख उघड असतं. आईबाबा पुन्हा एकत्र येतील ही आशा त्यांना सोडवत नाही. काही मुलं वर्गात वेडंवाकडं वागून दोघांनाही शाळेत यायला लावतात. काही इतकी शहाण्यासारखी वागतात की कुणाला शंकाच येत नाही. या दुसऱ्या मुलांकडे जास्त लक्ष द्यावं, असं मला वाटतं.

नुकसान किती, आणि ते नक्की घटस्फोटाचंच का?

पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ साली ९२ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात तेरा हजारांहून अधिक मुलं होती. शैक्षणिक यशात घटस्फोटित घरांतल्या मुलांची सरासरी इतरांपेक्षा सुमारे ०.१६ प्रमाण विचलनाने कमी होती. सोप्या भाषेत सांगायचं तर, शंभर मुलांना कमी गुणांपासून जास्त गुणांपर्यंत ओळीत उभं केलं, तर जिथे सर्वसाधारण मूल पन्नासाव्या जागी असेल, तिथे घटस्फोटित घरातलं सर्वसाधारण मूल चव्वेचाळिसाव्या जागेच्या आसपास असेल. फरक आहे, पण तो लहान आहे. या मुलांपैकी असंख्य मुलं जास्त गुणांच्या टोकाला असतात आणि एकत्र राहणाऱ्या आईवडिलांची असंख्य मुलं कमी गुणांच्या टोकाला.

सरासरी मात्र एक गोष्ट लपवते. मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात सत्तरच्या दशकापासून घटस्फोटित आणि एकत्र अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांचा पाठपुरावा केला. त्यांना असं दिसलं की घटस्फोटित घरांतल्या २० ते २५ टक्के मुलांत पुढे गंभीर अडचणी राहतात, तर इतर घरांत हे प्रमाण सुमारे १० टक्के असतं. म्हणजे चारांतली तीन मुलं सावरतात, आणि तरीही धोका दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. ज्याला जे सोयीचं तेवढंच तो सांगतो, म्हणून पालक एक तर घाबरून जातात किंवा गाफील राहतात.

आता कारणाचा प्रश्न. अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली. सातव्या वर्षी सगळ्या मुलांची चाचणी झाली होती, तेव्हा सगळ्यांचे आईवडील एकत्रच होते. अकराव्या वर्षी पुन्हा चाचणी झाली आणि मधल्या काळात काहींचे घटस्फोट झाले होते. विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत, घटस्फोटामुळे झाला असं वाटणारा बराचसा फरक सातव्या वर्षीच होता. नुकसान कोर्टाच्या तारखेआधी सुरू झालं होतं. किमच्या अमेरिकन अभ्यासात मात्र घटस्फोटाआधी असा फरक दिसला नाही. मला या दोन निष्कर्षांत विसंगती वाटत नाही. काही घरांत वर्षानुवर्षं धुमसत असतं आणि मूल ते रोज पाहतं. काही घरांत मुलाला कसलीच चाहूल नसते आणि एक दिवस सगळं बदलतं. शिकण्यावरचा आघात कधी सुरू झाला हे घर कोणतं यावर अवलंबून राहणारच.

"मुलांसाठी तरी एकत्र राहा" हा सल्ला देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं. अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की जिथे आईवडिलांत तीव्र भांडणं होती, तिथली मुलं घटस्फोट झाल्यावर मोठेपणी जास्त बऱ्या मानसिक स्थितीत होती. जिथे भांडणं फारशी नव्हती, तिथे घटस्फोटाने जास्त दुखावलं. हा अभ्यास शालेय गुणांचा नव्हता. पण रोज रात्री ओरडाआरडा ऐकत झोपणारं मूल सकाळी पाढे म्हणू शकेल अशी अपेक्षा ठेवणं कठीण आहे, एवढं सांगायला वेगळा अभ्यास लागत नाही.

घर मोडताना सुटणाऱ्या लहान गोष्टी

हेदरिंग्टन यांच्या सुरुवातीच्या नोंदींमधला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. घटस्फोटानंतरच्या पहिल्या वर्षात त्या घरांचं रोजचं वेळापत्रक कसं झालं, हे त्यांनी पाहिलं. आई आणि मुलं एकत्र जेवण्याचं प्रमाण कमी झालं होतं. झोपायची वेळ रोज वेगळी होती. झोपताना गोष्ट वाचून दाखवणं घटलं होतं. शाळेत उशिरा पोचणं वाढलं होतं. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक दिसते. पण लहान मुलाचं शिकणं याच गोष्टींवर चालतं. त्यांच्या नोंदींनुसार पहिलं वर्ष सर्वांत कठीण होतं आणि साधारण दोन वर्षांत बरीच घरं पुन्हा रुळावर आली.

या घसरणीला आईचा किंवा बाबांचा हलगर्जीपणा म्हणू नये. दोन माणसांचं काम एकावर आलेलं असतं, तेही तो माणूस स्वतः आतून खचलेला असताना. पैशाचाही प्रश्न असतो. सारा मॅक्लानाहन आणि गॅरी सँडेफर यांनी १९९४ साली मांडलेल्या विश्लेषणानुसार, एकल पालकाच्या घरातल्या मुलांच्या शैक्षणिक मागासलेपणाचा जवळपास अर्धा भाग कमी उत्पन्नाशी जोडलेला होता. उत्पन्न घटलं की घर बदलतं, घर बदललं की शाळा बदलते, आणि शाळा बदलली की ओळखीची बाई, जिवलग मित्र आणि धड्यांचा क्रम, तिन्ही एकदम जातात. शक्य असेल तर त्या एका वर्षात शाळा बदलू नये. घर बदलावं लागलं तरी वर्ग तोच राहिला तर मुलाला दिवसातले काही तास तरी जुनं जग मिळतं.

वडिलांविषयी, किंवा जो पालक वेगळा राहतो त्याच्याविषयी. अमाटो आणि जोन गिल्ब्रेथ यांनी १९९९ साली ६३ अभ्यास एकत्र केले. वडील महिन्यातून किती वेळा भेटतात याचा मुलाच्या प्रगतीशी फारसा संबंध दिसला नाही. मुलाच्या खर्चाचे पैसे नियमित देणं, आणि भेटीत पालकासारखं वागणं, म्हणजे अभ्यास घेणं, मर्यादा घालणं, मन लावून ऐकणं, यांचा संबंध दिसला. दर रविवारी नवीन खेळणं आणणाऱ्या भेटीपेक्षा बुधवारी फोनवर दहा मिनिटं पाढे ऐकणारी भेट मुलाच्या जास्त कामाची आहे.

दोन घरांत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक अगदी साधी अडचण असते: वही त्या घरी राहते. कंपास, रंगपेटी, सरावाचं पुस्तक दोन्हीकडे असावं. गृहपाठाची वेळ दोन्ही घरी एकच असावी. शाळेच्या सूचना दोघांनाही थेट मिळाव्यात, म्हणजे "बाबांना सांग फी भरायला" हा निरोप मुलाच्या हाती जाणार नाही. निरोप्याचं काम करणाऱ्या मुलाला दर वेळी दोन चेहऱ्यांवरचा राग वाचावा लागतो.

भांडण पूर्ण टाळता आलं नाही तरी ते मिटताना मुलाला दिसावं. मार्क कमिंग्ज यांच्या प्रयोगांत मुलांना मोठ्यांचे वाद दाखवले गेले. वाद मिटलेला दिसला की मुलांची अस्वस्थता बरीच कमी झाली. आवाज चढले तर नंतर मुलासमोर शांतपणे "आमचं ठरलं, शनिवारी तू तिकडे राहशील" एवढं म्हणणंही उपयोगी पडतं. आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला हवं की हे तुझ्यामुळे झालं नाही. एकदा सांगून भागत नाही, कारण ते प्रश्न रोज नव्याने विचारतं, कधी मनातल्या मनात.

वर्गात काय करता येतं

१९७८ साली जॉन सँट्रॉक आणि रसेल ट्रेसी यांनी शिक्षकांना आठ वर्षांच्या एका मुलाची चित्रफीत दाखवली. चित्रफीत एकच होती. अर्ध्या शिक्षकांना सांगितलं की याचे आईवडील घटस्फोटित आहेत, उरलेल्यांना सांगितलं की एकत्र आहेत. घटस्फोटित असं ऐकलेल्या शिक्षकांना तोच मुलगा कमी आनंदी, भावनिकदृष्ट्या कमी सावरलेला आणि ताण पेलायला कमी सक्षम वाटला. मूल तेच होतं, बदलली ती बघणाऱ्याची नजर. कळवळ्यापोटी "त्याला नको विचारू, घरी अडचण आहे" असं म्हणून प्रश्न विचारणं थांबवलं, तर त्याचे आणखी धडे सुटतात. या मुलाला सोपं काम देऊ नये. तेच काम थोड्या जास्त वेळात आणि थोड्या जास्त मदतीने करू द्यावं.

मग शिक्षकांना सांगावं की नाही, असा प्रश्न पालकांना पडतो. माझं मत स्पष्ट आहे: सांगावं, पण मोजकं. कोण चुकलं ते सांगायची गरज नाही. "आम्ही वेगळे राहतोय, सोमवार ते गुरुवार ती माझ्याकडे असते, पुढचे काही महिने तिच्या गणिताकडे जरा बघाल का?" इतकं पुरतं. शिक्षकांनी मुलाला सगळ्यांसमोर घराविषयी विचारू नये. वर्गातला दिवस ठरल्याप्रमाणे चालवणं, बदल होणार असेल तर आधी सांगणं, आल्यावर नावाने हाक मारणं यांचा मुलाला मोठा आधार वाटतो. घरातला क्रम विस्कटलेला असतो तेव्हा शाळेचा क्रम मुलाला धरून ठेवतो.

काही शाळांत अशा मुलांचे छोटे गट घेतले जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे जोॲन पेड्रो-कॅरोल यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या गटांमध्ये मुलांना एक गोष्ट आवर्जून शिकवली जात असे: कोणते प्रश्न आपण सोडवू शकतो आणि कोणते मोठ्यांचे आहेत. आईबाबांना पुन्हा एकत्र आणणं हा मुलाने सोडवायचा प्रश्न नाही. हे उमगलं की ते ओझं उतरतं आणि लक्ष मोकळं होतं.

पालकांना मदत केली तर मुलाचं शिकणं खरंच सुधारतं का, याचंही उत्तर आहे. ॲरिझोना राज्य विद्यापीठात शार्लिन वोल्चिक आणि अर्विन सँडलर यांनी घटस्फोटित आयांसाठी ११ गटसत्रांचा कार्यक्रम आखला. कोणती आई कार्यक्रमात आणि कोणती तुलनेच्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे निष्कर्षांवर भरवसा ठेवता येतो. मुलाशी रोज थोडा वेळ पूर्ण लक्ष देऊन घालवणं, ऐकणं, शिस्त सारखीच ठेवणं आणि मुलाला भांडणापासून दूर ठेवणं एवढंच शिकवलं गेलं. ही मुलं ९ ते १२ वर्षांची होती, म्हणजे आपण बोलतोय त्यांच्यापेक्षा मोठी. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा कार्यक्रमातल्या आयांच्या मुलांचे शाळेतले गुण तुलनेत चांगले होते. मुलांना शाळेचे विषय कुणी शिकवले नव्हते. त्यांच्या आयांना बळ दिलं होतं.

झोप, भूक, खेळ किंवा मैत्री यांतला बिघाड कित्येक आठवडे कमी होत नसेल, मूल शाळेत जायला सतत नकार देत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नये.

आणि गणिताची तपासणी करावी. घर थोडं शांत झालं की एखाद्या सुट्टीच्या दिवशी मागच्या इयत्तेचं पुस्तक काढा आणि घटस्फोटाच्या महिन्यांत वर्गात कोणते धडे झाले ते शिक्षकांना विचारा. त्या प्रत्येक धड्यातली दोन-दोन उदाहरणं मुलाला द्या. जिथे ते अडखळेल तिथे रागावू नका, तो धडा पहिल्यांदाच शिकवतोय असं समजून शिकवा. नवीन वर्ष सुरू झालं की नव्या वर्गशिक्षकांनाही याची एक ओळीत कल्पना द्या, कारण जुन्या शिक्षकांना माहीत असलेलं बहुतेक वेळा पुढच्या वर्गात पोचत नाही.